टिंग नावाची सवत

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. वयानं म्हणाल तर तशी जुनी नाही हं, मित्रांनो. पडून पडून जुनी झाले. सोनाळ्याजवळच्या एका गावात, दीपमालाच्या घरात, दारामागच्या कोपऱ्यात मी असते. माझ्या फळीवर बरीच वर्षं टीव्ही होता, त्यावर प्लास्टिकची फुलं; आता तिथं तुरीच्या डाळीचा डबा असतो. डब्याला टेकून दीपमालाचा मोबाईल पडलेला असतो आणि त्या मोबाईलमध्ये राहते माझी सवत, टिंग. तिचं नाव काढलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण तिला वगळून माझी गोष्ट पुरी होत नाही, म्हणून सांगते.

माझा जन्म लुधियानाचा. काळंभोर अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. आगगाडीनं नांदुऱ्याला उतरले आणि टेम्पोत बसून गावात आले. काय तो थाट होता! मंडप, हार, भाषणं. माझ्या कपाळावर देणाऱ्यांच्या फोटोचं स्टिकर. माईकवरून 'गरीब आणि गरजू भगिनी' असं इतक्यांदा झालं की दीपमालानं मान खाली घातली ती वर करेचना. शेवटी फोटोवाला ओरडला, तेव्हा तिनं कसंबसं वर पाहिलं. मला मिळवायला बिचारीनं तालुक्याला खेटे घातले होते. आपण गरीब आहोत, हे चार टेबलांवर सिद्ध करून दिलं होतं. "शिवता येतं का?" असं तिथल्या साहेबांनी विचारलं, तर ती हो म्हणाली. सगळ्याच बाया हो म्हणाल्या. मिळत असताना नाही कोण म्हणेल?

आणि तिथंच घोटाळा झाला. आमच्या एका गल्लीत सात मशिनी आल्या! आता शिवायचं कुणाचं? हिनं तिचं पोलकं शिवायचं आणि तिनं हिचं. दोन पोळे झाले नाहीत तोवर साती जणी टीव्ही डोक्यावर घेऊन बसलो. माझा तर पट्टाच तुटला. चाकापासून पायडलपर्यंत जाणारा साधा चामड्याचा पट्टा, पण तो आणायला घरात पैसे कधी उरलेच नाहीत. मला देणाऱ्यांनी नवा पट्टा दिला नाही, दोरा दिला नाही, कापड दिलं नाही, शिवायला वेळ तर नाहीच नाही.

वर शेजारच्या कौशल्याकाकू रुसल्या. यादीत त्यांचं नाव नव्हतं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माह्यं नाव काऊन नाई वं? मी का माडीत राह्यतो?" त्या दिवसापासून त्यांनी दीपमालाच्या घरचं विरजणसुद्धा बंद केलं. माझ्यामुळे! मला तेव्हा बाई, मनातून बरं वाटलं होतं. कुणीतरी आपल्यासाठी जळतंय, ही काही वाईट गोष्ट नाही.

दीपमालाचा नवरा गोकुळ रोजानं शेतात जायचा. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करायला शेतमालक शेषरावभाऊ त्याला बोलवायचे. पाठीवर पंप, तोंडाला फाटका दुपट्टा, उघडे हात. वारा उलटा फिरला की सगळं औषध तोंडावर. संध्याकाळी तो अंगणात ओकाऱ्या काढायचा, डोळे लालबुंद, भाकरी समोर तशीच. दीपमाला रडकुंडीला यायची.

"उद्या नोका जाऊ ना हो."

"नाई गेलो तं खाशीन काय?" तो म्हणायचा.

ती त्याची भाकरी झाकून ठेवायची.

मग ती आली, माझी सवत. कुठल्याशा संस्थेनं ठरवलं की या गावातल्या वयानं मोठ्या अशा प्रत्येक माणसाच्या खात्यात दर महिन्याला सारखेच पैसे टाकायचे आणि दोन वर्षं काय होतं ते पाहायचं. दाखला नाही, यादी नाही, मंडप नाही, फोटो नाही. काय करणार या पैशांचं, असंसुद्धा कुणी विचारलं नाही. मोबाईल वाजला, टिंग, आणि झालं!

माझा जळफळाट विचारू नका. मला मिळवायला बाईनं चपला झिजवल्या आणि ही भवानी न बोलावता घरात शिरली! बरं, गरिबांकडे गेली म्हणावं तर तेही नाही. शेषरावभाऊंकडेही गेली. दारात ट्रॅक्टर असलेल्या माणसाकडे! मी मनात म्हटलं, ही काय दानत झाली? हिला माणसाची पारखच नाही. पाहा आता, महिनाभरात गोकुळ पारावर पत्ते कुटत बसतो की नाही.

नाही बसला. मी टपून बसले होते, मित्रांनो, पण नाहीच बसला. कामाला जायचा तसाच जायचा. झालं ते वेगळंच. सगळ्यांनाच मिळालं, म्हणून गरीब कोण आणि गरजू कोण हे गल्लीत कुणी कुणाला म्हणेना. कौशल्याकाकू एका सकाळी वाटी घेऊन दारात हजर.

"आली का वं तुही टिंग?"

"आली ना काकू. तुमची?"

"हाव, माही बी आली. विरजन दे थोडसंक."

मी घरात आले तेव्हा यांचं बोलणं तुटलं होतं, हिनं ते जोडलं. गावात हिच्यावर जळणारी फक्त मीच उरले.

मग भादव्यात शेषरावभाऊ दारात आले. बाहेर वारा सुटला होता. "चाल बे गोकुळ, पंप भरून ठेवला हाये."

गोकुळ उंबऱ्यात उभा राहिला. मग म्हणाला, "आज नाई जमत, भाऊ. वारा लय हाये. वारा पडल्यावर येतो, आन् हातमोजे, मास्क पायजे मले."

"काऊन बे? पैसे आले तं माजला काय?"

"माजलो नाई, भाऊ. नाई म्हनून राह्यलो फक्त."

शेषरावभाऊ बडबडत गेले. दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत हातमोजे आणि मास्क होते. त्या रात्री गोकुळ दोन भाकरी जेवला. दीपमाला त्याच्याकडे बघतच राहिली. या घरात मी इतकी वर्षं राहिले, पण त्या माणसाच्या तोंडून 'नाही' हा एवढासा शब्द मला कधी काढता आला नाही. सवतीनं काढून दाखवला!

पुढच्याच बाजाराला दीपमालानं टिंगच्या पैशातून काय आणलं माहीत आहे? माझा पट्टा! सुया, तेलाची कुपी आणि जाडं निळं कापड. टीव्ही खाली उतरवला, कपाळावरचं स्टिकर खरवडून काढलं. एक दिवस मजुरीला न जाता ती माझ्यापुढं बसली आणि लांब बाह्यांचा, गळ्यापर्यंत बंद असा सदरा तिनं गोकुळसाठी शिवला. शिवण वाकडीतिकडी, पण मी कशी पळाले म्हणून सांगू! मग गल्लीतल्या फवारणीवाल्यांचे सदरे आले. आनंद तर झालाच, पण सवतीच्या पैशातला पट्टा गळ्यात घालून नाचायचं, हे काही सुख नव्हे.

दोन वर्षं सरली. टिंग वाजायची थांबली. खोटं का बोलू, पहिला महिना मी खुशीत होते.

आज सकाळी शेषरावभाऊ आले. वारा असा सुटलेला की दार आपटत होतं. गोकुळ म्हणाला, "भाऊ, वारा पडू द्या ना."

"येतं तं आत्ता ये, नाई तं दुसरा पाहतो. आता का टिंग वाजते तुही?"

गोकुळनं दीपमालाकडे पाहिलं. तिनं डाळीच्या डब्याकडे पाहिलं. मग त्यानं खुंटीवरचा निळा सदरा काढला, बटणं लावली आणि गेला.

मित्रांनो, हात झाकतील अशा बाह्या मला शिवता येतात. 'नाही' म्हणायचं बळ मला शिवता येत नाही. म्हणून तुम्ही मोठे झाल्यावर कुणाला काही द्यायला निघालात, तर त्याला रांगेत उभं करून गरिबी सिद्ध करायला लावू नका आणि त्याला काय हवं ते तुम्हीच ठरवून माझ्यासारखं लोढणं गळ्यात बांधू नका. सगळ्यांना द्या, सारखं द्या आणि त्याचं काय करायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. आणि हो, मशिनीला तेलही देत जा.

आता दिवस कलला आहे, वारा पडलेला नाही आणि गोकुळ अजून परतला नाही. दीपमाला मोबाईल हातात घेते, बघते, परत डब्याला टेकवून ठेवते. तो माझ्या फळीवरच असतो, माझ्या अगदी जवळ. वाज गं सवती, एकदा वाज. जळायचं ते मी खुशाल जळेन.