पिल्लू पळवणारी पेंग्विन

पक्षी म्हणायचं आणि उडता येत नाही, मग तो पक्षी कसला, असं मी पहिल्याच दिवशी रिद्धीला बोलले. रिद्धी माझी धाकटी सून, बदलापूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. पलंगावर टेकून ती टीव्हीवर पेंग्विनची मालिका बघत होती आणि तिच्या मांडीवर सोनू दूध पीत होती.

"पाण्यात उडतात ते, आई," ती म्हणाली. "पंख पाण्यासाठीच आहेत त्यांचे."

सोनू रिद्धीची नाही. सोनू माझ्या मोठ्या सुनेची, माधवीची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे आमच्या जांभूळ गावच्या घरात हेच तोंडाबाहेर काढायची कुणाची छाती होईना.

रिद्धीचं पोर आठव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगी होती. तिसऱ्या दिवशी हिला दूध उतरलं, छाती दगड झाली, ताप भरला. डॉक्टरीण म्हणाली, दूध आटवायची गोळी देते. मी म्हटलं, काही नको. घरात तीन महिन्यांची नात, तिच्या आईची सुट्टी संपलेली, अंबरनाथच्या कंपनीत पॅकिंगला सकाळी सातला हजर व्हायचं, आणि इथे दूध आटवत बसायचं? मी सोनूला उचललं आणि रिद्धीच्या पदराखाली दिलं. माधवीला विचारलं का? नाही विचारलं. तिनं मान हलवली, तेवढं मला पुरलं. मी मोठं शहाणपण केलं असंच मला वाटत होतं. चार बायकांत मिरवलं सुद्धा.

दुपारची भांडी उरकली की मीही टीव्हीपुढे बसायला लागले. मला त्यातले बापे आवडले. बाई एक अंडं घालते आणि समुद्राकडे चालू पडते, पोट भरायला. अंडं बापाच्या पायांवर, वरून त्याच्या पोटाच्या कातडीची घडी. बर्फाला टेकलं तर बघता बघता गोठणार, म्हणून हा बाबा दोन महिने उपाशी उभा. मी म्हटलं, माधवीच्या नवऱ्याला, आमच्या अभिजीतला दाखव गं हे, त्याला स्वतःची पोर दहा मिनिटं धरवत नाही. रिद्धी हसली. किती दिवसांनी हसली होती.

मग बाई परत येते आणि हजारोंच्या गर्दीत आपल्या नवऱ्याला नुसत्या हाकेवरून शोधते. पिल्लूही आईबापाला आवाजावरूनच ओळखतं, असं रिद्धीनं सांगितलं. आमच्याकडे संध्याकाळी तेच चालू होतं. माधवी कामावरून यायची, हातपाय धुऊन सोनूला घ्यायची, आणि पोर तोंड फिरवून आकांत करायची. आतून रिद्धी "काय झालं गं" म्हणाली की गप्प. माधवी मोरीत जाऊन दूध पिळून टाकायची. मला कळत होतं. मी भाकऱ्या थापत राहायचे.

एके दुपारी टीव्हीवर वेगळंच लागलं. ज्यांची पिल्लं मेली अशा बाया बर्फावर रिकाम्या हिंडत होत्या. एकीनं तर बर्फाचा गोळा अंडं समजून पायांवर घेतला होता. तेवढ्यात कुणाचं तरी पिल्लू आईपासून जरा सुटलं. चार-पाच जणी त्याच्यावर तुटून पडल्या. जिला मिळालं ती त्याला पोटाखाली दाबून उभी राहिली, आणि ते आपलं ओरडतंय.

"ह्यांना कळत नाही का, दुसरीचं आहे ते?" मी विचारलं.

"पिल्लू वाढवायचं रसायन अंगात असतं, आई. पिल्लू मेलं तरी ते उतरत नाही. शरीराला कुणी सांगितलेलंच नसतं."

"मग त्या पिल्लाचं काय होतं?"

"एक-दोन दिवसांनी ही सोडून देते. ते गारठून मरतं."

वर्गात शिकवावं तसं सगळं सरळ सांगितलं तिनं, सोनूच्या पाठीवर थोपटत. 

त्याच रविवारी माधवीला सोनूला घेऊन नात्यातल्या हळदीला जायचं होतं. रिद्धीनं आतून कडी लावली. झोपलीय, म्हणाली. पाऊण तास कडी निघाली नाही. माधवी दारावर थापा मारून मारून खाली बसली आणि मला म्हणाली, "आई, तुम्ही दिलीत ना तिला? आता तुम्हीच मागून द्या."

कडी मीच काढायला लावली. पोर मीच ओढून घेतली, हो, ओढूनच, आणि माधवीच्या हातात दिली. "माहेरी जा, बुवापाड्याला. कामाची रजा टाक. पोर तुझ्याकडे पिईपर्यंत इकडे फिरकू नकोस."

रिद्धीनं टीव्ही बंद केला तो बंदच. ताट नेलं तसं परत यायचं. अल्पेश, तिचा नवरा, दारात उभा राहायचा आणि कामावर निघून जायचा. पाचव्या दिवशी मी रिक्षा करून बुवापाड्याला गेले. सोनू चटईवर पालथी पडून खेळत होती. माधवीच्या तोंडावर रंग आला होता.

"पहिल्याच संध्याकाळी प्यायली, आई. थोडी कुरकुरली, बस."

देव पावला म्हटलं. पण परतीच्या रिक्षात बसले आणि मनात आलं, इतके दिवस छातीशी धरलं आणि पोर एकाच संध्याकाळी विसरली, हे हिला कुठल्या तोंडानं सांगू?

घरी आले तर रिद्धी उठून बसलेली. "रडते का हो?"

"रडली ना," मी म्हटलं. "चार दिवस रडली. तुझीच आठवण काढत होती, बाय."

वाटलं, बरं वाटेल तिला. ती ताडकन उठली आणि चप्पल शोधायला लागली. "चार दिवस रडतेय आणि तुम्ही तिला तिथेच ठेवून आलात? मी आणते तिला."

मी दारात आडवी झाले. तिनं मला ढकललं. ही पोर कधी माझ्यापुढे मोठ्यानं बोलली नव्हती.

"खोटं बोलले," मी ओरडले. "नाही रडली. पहिल्याच संध्याकाळी आईकडे प्यायली आणि झोपली. तुझी आठवण नाही तिला."

ती थांबली. एका पायात चप्पल तशीच. मग उंबऱ्यावर खाली बसली. मला वाटलं, आता ही फुटणार. पण ती हळूच म्हणाली, "माझी कशी होती, आई? तुम्ही बघितली होती ना?"

बघितली होती. मी आणि अल्पेशनं. तोंड बघितलं की जीव गुंततो, हिला दाखवू नका, असं नर्सला मीच सांगितलं होतं. आमच्यात तसंच करतात. माझ्या पहिल्या खेपेचं पोरही असंच गेलं, तेव्हा माझ्या सासूनंही तेच केलं. मला आजवर विचारायचा धीर झाला नाही, आणि ते पोर मला अजून बिनतोंडाचं दिसतं.

मी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले.

"केस होते," मी म्हटलं. "दाट, काळेभोर. आणि नाक तुझं होतं."