भगदाडाजवळचा ॲश

फिंटन डेलाहंटीने चाकूच्या टोकाने ॲशच्या झाडाची साल जराशी खरवडली. आत ओलसर, पांढरं, निरोगी. त्याने चाकू मिटला आणि बुंध्याला पाठ टेकून तिथंच उभा राहिला. गुडघे आताशा फार कुरकुरत.

किलवार्नाच्या रानातले बाकीचे ॲश भर ऑगस्टात उघडेबोडके उभे होते, रोगाने शेंड्यापासून वाळत आलेले. या इस्टेटीचं असंच एकेक गेलं होतं. ओक पहिल्या महायुद्धात तुटले, बीच दुसऱ्यात सरपणाला गेले, शेतं सरकारने कुळांना वाटून टाकली. मालकांच्या ओडेल घराण्यात उरली ती चौऱ्याऐंशी वर्षांची मिस हेस्टर, ते गळकं मोठं घर आणि हे रान. तेही आता विकलं होतं. सोमवारी नव्या मालकांची यंत्रं येणार, सगळं सपाट करून विक्रीसाठी स्प्रूसची झाडं लावणार.

फिंटन हर्लिंगच्या खेळात चेंडू मारायच्या काठ्या घडवायचा. अशा काठीला ॲशचा मुळाजवळचा वळलेला बुंधा लागतो, त्या वळणातूनच काठीचं पातं निघतं. डेलाहंटींनी तो तीन पिढ्या ओडेलांच्या रानातून चोरला होता. घरातलं पोर गावच्या मोठ्या संघातून पहिल्यांदा मैदानात उतरायचं ते चोरीच्या लाकडाची काठी घेऊनच. पुढच्या वर्षी नात साईव्ह उतरणार होती. लाकूड वाळायला वर्ष जातं. म्हणजे आता हे झाड, नाहीतर काहीच नाही. पण भिंती चढायचं वय सरलं होतं, म्हणून आज फिंटन मुकाट्याने फाटकातून आला होता, टोपी हातात धरून.

"मिळालं का एखादं?" मिस हेस्टर काठी टेकत आली. मागून तिचं म्हातारं कुत्रं.

"हे एक आहे, बाई. भिंतीच्या भगदाडाजवळचं."

"मग ने."

"असंच?"

"मग काय, वाजतगाजत देऊ?"

फिंटन हसला. जीव हलका झाला तशी जीभही सुटली.

"आमच्या बाने इथून किती बुंधे नेले, तुम्हाला पत्ता नसेल. तुमचे वडील बंदूक घेऊन ओरडत यायचे आणि बा ओझ्यासकट भिंतीपार. जन्मभर मजुरी केली बिचाऱ्याने, कुठे काही कमावलं नाही. पण ओडेलसाहेबाला हरवलं, म्हणायचा. मरेस्तोवर तेच सांगायचा."

मिस हेस्टर दमली होती. आठवडाभर सामान बांधून बांधून तिला आता कशाचंच सोयरसुतक उरलं नव्हतं.

"भगदाड आम्ही का बुजवलं नाही, याचा विचार केलास कधी?" ती म्हणाली. "पप्पा दर हिवाळ्याला इथंच ॲशची रोपं लावायचे. डेलाहंटींना जवळ पडतील, आत शिरून चांगली झाडं तुडवणार नाहीत. बंदुकीत काडतूस कधीच नसायचं. तुझा बा कसा धापा टाकत पळाला, ते जेवताना सांगून हसायचे. पप्पांमागे मी लावत राहिले. हे तर मीच लावलंय, तुमच्यासाठी."

मेलेल्या बापाला कुणी भर चौकात लुबाडावं, तसं फिंटनला वाटलं. मग त्याने टोपी डोक्यावर घातली.

"राहू दे, बाई."

"अरे, ने की. उद्या-परवा जाळतीलच."

"नको. दिलेलं नको."

तो फाटकाकडे चालू लागला. आपण काय बोलून बसलो, हे तिच्या ध्यानात आलं तोवर तो हाक ऐकू येण्यापलीकडे गेला होता.

रविवारी दिवस मावळताना फिंटन भगदाडातून आत उतरला. बापाची जुनी करवत पाठीला बांधलेली. उतरताना गुडघा दगडावर आपटला, तशी त्याने स्वतःलाच शिवी हासडली. मुळांजवळची माती हातांनी उकरून तो कापू लागला. चार हात मारायचे, बसायचं, पुन्हा चार हात. कुणासाठी करतोय हे, असं दोनदा मनात आलं. झाड मांडीएवढंच जाड, पण पडताना मोठा आवाज झाला. त्याने घराकडे पाहिलं. घरात सामसूम.

बुंधा वेगळा करून त्याने खांद्यावर घेतला, तेवढ्यात कुत्रं भुंकलं. दार उघडलं.

"कोण आहे तिकडे?" म्हातारा आवाज चिरकला. "डेलाहंटीच असणार. चोर मेले! थांब, बंदूकच आणते."

फिंटन जागच्या जागी थिजला. आणि मग बार उडाला. वर कुठेतरी, आभाळात, पण खराखुरा. वाळक्या ॲशवरचे कावळे कालवा करत उठले.

फिंटन पळाला. गुडघ्यांसकट, ओझ्यासकट, भिंतीपार.

साईव्ह त्याच्या काठ्यांच्या कारखान्याच्या दारातच उभी होती. तिने बुंध्याला हात लावला.

"आजोबा, द्यायला तयार झाली म्हातारी?"

"द्यायला?" धाप आवरत फिंटन म्हणाला. "गोळी झाडली तिने माझ्यावर."