हॅन्डलचं इंजिन

"मशीन माझ्या ट्रॅक्टरवरच चालवायचं," धाकट्यानं अंगणात उभ्या उभ्या निकाल देऊन टाकला. "वेगळं इंजिन कशाला?"

त्याची वहिनी मक्याची कणसं सोलत बसली होती. दाणा भरलाच नव्हता. नवरा गेल्यापासून तिच्या रानाची नांगरट सगळ्यांच्या शेवटी व्हायची. यंदा पेरणी तीन आठवडे लांबली आणि कणसं अशी बोळकी निघाली. आता तो मका, ताटं, भुसा सगळं भरडून जनावरांच्या खाद्याच्या गोळ्या करायच्या आणि विकायच्या, एवढाच मार्ग उरला होता. गोळ्या दाबायचं लहान मशीन घ्यायचं ठरलं होतं. ते फिरवायचं कशानं, यावर घर अडलं होतं.

"भाऊजी, ट्रॅक्टर रानात गेला की माझं मशीन काय करणार?"

"थांबेल. सगळेच थांबतात."

"मी थांबले की. ही कणसं बघा."

उंबऱ्यातून सासू म्हणाली, "घरचा ट्रॅक्टर असताना बाहेर खर्च कशाला? ऐक त्याचं."

तिनं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. मागोमाग धाकटाही आला.

"विजेची मोटर घ्या. बटण दाबलं की चालू," दुकानदार म्हणाला.

"मोठ्या मोटरीची लाइन नाही आमच्याकडे. खांब अर्ध्या वाटेत राहिलेत."

"मग उरलं डिझेल इंजिन. पण बाई, हे हॅन्डल मारून चालू होतं. झेपायचं नाही."

"मारू द्या की," धाकटा हसला. "वहिनींची हौस फिटू दे."

दुकानदारानं दाखवलं. वरचा खटका एका हातानं उचलून धरायचा, म्हणजे इंजिनातला दाब सुटतो, आणि दुसऱ्यानं हॅन्डल फिरवायचं. चाकानं वेग घेतला की खटका सोडायचा. "आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. मूठ आवळू नका. वेग कमी पडला तर हॅन्डल उलटं येतं."

तिनं पदर खोचला. पहिल्यांदा चाक नुसतंच फिरलं. दुसऱ्यांदा चारचौघांच्या नजरा पाठीला टोचल्या, तिनं मूठ आवळली आणि खटका लवकर सोडला. हॅन्डल उलटं आलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"झालं समाधान?" धाकटा म्हणाला, पण त्याचाही चेहरा उतरला होता.

हात पोटाशी धरून ती थोडा वेळ खाली बसली. मग उठली. "खटका तुम्ही धरा," ती दुकानदाराला म्हणाली. "मी सांगेन तेव्हा सोडा."

डाव्या हातानं फिरवलं. इंजिन दोनदा ठसकलं, काळा धूर ओकत चालू झालं.

"हेच द्या."

चार दिवसांनी इंजिनासकट मशीन परसात बसलं. उजवा हात प्लॅस्टरमध्ये. धाकटा भिंतीला टेकून उभा होता. "आता खटका कोण धरणार? बोलवा मलाच रोज."

तिनं डाव्या हातानं हॅन्डल इंजिनाला बसवलं. तेवढ्यात सासू गुडघे धरत उठली आणि इंजिनाजवळ आली.

"कुठला तो खटका?"

"आई, तुला काय कळतं त्यातलं?"

"तू गप्प बस." म्हातारीनं खटका उचलून धरला. "सूनबाई, कधी सोडायचा ते सांग. आणि मोठ्यानं सांग, मला कमी ऐकू येतं."

हाही हात मोडला तर घास भरवायला दुसरं माणूस लागलं असतं. तिनं अंगठा बोटांच्या बाजूला घेतला आणि हॅन्डल फिरवायला सुरुवात केली. चाक जड होतं. मग हलकं झालं.

"सोडा, आई!"

म्हातारीला ऐकू आलं.