पंधरा घरांतली डाळ

मित्रांनो, विहिरीतून पाणी काढायचा एक जुना, पत्र्याचा पोहरा मी. पण माझं आयुष्य गेलं ते घरं भाड्याने देण्यात!

पालघरच्या बाजारात एका कारागिराने मला ठोकून घडवलं. तिथून रंभाबाईने मला बोईसरला आणलं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं होतं आणि तिचा नवरा रामकिसन जालन्याहून तिथे गवंडीकामाला आला होता. शांताराम दलालाने त्यांना खोली मिळवून दिली. भिंती झकास, पण विहीर खारट. त्या पाण्यात तुरीची डाळ दिवसभर रटरटली तरी ताटात टणटण वाजायची.

"ही डाळ हाय का खडी?" रामकिसन वैतागला.

दुसऱ्या दिवशी रंभाबाई मला आणि दोराला काखोटीला मारून निघाली. उमरोळीपर्यंतच्या साऱ्या विहिरींत मी बुचकळ्या मारल्या आणि तिने घोट घेतले. गोड्या पाण्याची खोली तिने स्वतःसाठी शोधलीच, मग शेजारणींसाठीही शोधू लागली. घरमालक खूश होऊन तिला दलाली देऊ लागले. चहाच्या टपरीवरचे दलाल मात्र हसायचे.

"बाईमानूस घरा दाखवनार? आमी काय मेलो काय?" शांताराम म्हणायचा.

एके दिवशी बांधकामावरचे एक साहेब आले. त्यांना पंधरा कुटुंबांसाठी खोल्या हव्या होत्या. शांतारामने त्यांना आपल्या चाळीत नेलं आणि मडक्यातलं पाणी पुढे केलं.

"अरे वा! सरबतच की!" साहेब म्हणाले.

मला घेऊन मागोमाग आलेल्या रंभाबाईने मडक्याकडे बोट दाखवलं. काठावर मुंग्यांची रांग लागली होती.

"शांतारामभाऊ, तुमच्या पाण्याला मुंग्या कधीपासून लागल्या?"

"त्या... त्यांना पन तहान लागते ना!"

तिने मला विहिरीत सोडलं. माझ्यातला घोट घेताच साहेबांनी तो थुंकून टाकला. गूळ मडक्यात होता, विहिरीत नव्हता!

मग सगळे रंभाबाईने ठरवलेल्या, नवसीबाय नावाच्या घरमालकिणीच्या खोल्यांकडे गेले. मी ऐटीत खाली उतरलो, भरून वर आलो. रंभाबाईने पाणी चाखलं आणि तिचा चेहराच उतरला. चैत्रात तीही विहीर मचूळ झाली होती.

"साहेब, उन्हाळ्यात हे पाणी बिघडतंय, मला ठाऊक नव्हतं. या खोल्या घेऊ नका."

साहेब जीपमध्ये बसून निघून गेले. शांताराम पोट धरून हसला. नवसीबाय तर खवळलीच. "माज्या तोंडातला घास काढलास गो!"

घरी रामकिसन म्हणाला, "गप बसली असतीस तर काय गेलं असतं?"

"पंधरा घरांतली डाळ," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी जीप दारात उभी राहिली. साहेब म्हणाले, "बाई, खोल्या कुठल्या घ्यायच्या ते तुम्हीच सांगा. या पंधराच नव्हे, पुढच्यासुद्धा." तिने उमरोळीला पंढरी नावाच्या मालकाची, गोड्या विहिरीची अख्खी चाळ भरून दिली. नवसीबायला विहीर खोल करायला लावली आणि पुढच्या वर्षी तिच्याही खोल्या भरल्या. बोईसर स्टेशनजवळ तिची कचेरी थाटली गेली. रामकिसनला लोक आता 'रंभाबाईचा नवरा' म्हणतात आणि तोही ओ देतो.

मी मात्र गळका झालोय. कचेरीच्या कोपऱ्यात पडून असतो आणि येणारे माझ्यात ओल्या छत्र्या खुपसतात. मित्रांनो, जमलं तर माझ्या गळक्या बुडाला कथलाचा एक डाग लावून द्या. अजून पुष्कळ माणसं राहायला यायची आहेत, आणि रंभाबाई हल्ली एका नव्या बादलीवर विश्वास टाकू लागली आहे. ती बादली, खरं सांगतो, जरा उथळच आहे.