शेवट सांगणारी आई

शेवट कळल्याशिवाय मला सिनेमा बघवत नाही. नायिका जगणार की मरणार हे मी आधी शोधून काढते, आणि मग ते पोटात राहत नाही म्हणून शेजारच्याला सांगून मोकळी होते. या सवयीपायी माझ्या नवऱ्याने, उल्हासने, माझ्याबरोबर थिएटरात जाणं सोडलं. आमची संहिता तर लहानपणापासून कानांत बोटं घालूनच सिनेमे बघत आली.

यंदा तिला पंधरावं लागलं. मारतहळ्ळीच्या आमच्या फ्लॅटमध्ये सिनेमा पार्टी करायची, हे तिने कधीच जाहीर करून टाकलं होतं. सिनेमा एका कप्तान बाईचा, संहिताने मैत्रिणीकडे एकदा बघितलेला, तिच्या फार आवडीचा. म्हणून सगळ्यांनी समुद्रावरच्या माणसांचा वेश करून यायचं. भिंतीवर पांढरी चादर लागली, खिडक्यांवर माझ्या निळ्या साड्या चढल्या.

गुरुवारी माझा रिपोर्ट आला. छातीतली गाठ साधी नव्हती. ऑपरेशन मंगळवारी ठरलं. संहिताला शनिवारची पार्टी झाल्यावर सांगू, असं मी म्हटलं.

"तुझ्या पोटात काही राहतं का, श्वेता?" उल्हास म्हणाला.

"हे राहील."

शनिवारी दुपारी सवयीने फोनवर सिनेमाचा शेवट वाचला. कप्तान बाई वादळात अडकलेल्या कोळ्यांना आणायला जाते. कोळी परत येतात, ती येत नाही. मी फोन उपडा ठेवला आणि भेळेचा कांदा चिरायला घेतला.

संध्याकाळी मुलं आली. प्रणीत मच्छरदाणीचं जाळं पांघरून आला आणि दारातच त्यात पाय अडकून पडला. "आईपासून लांब बसा रे, ती शेवट फोडते," संहिताने सगळ्यांना बजावलं. मीही हसले. सिनेमा सुरू झाला तेव्हा मागच्या खुर्चीत गप्प बसून राहिले.

आमच्या घरी सिनेमा अर्ध्यावर थांबवून दिवे लावावे लागतात, मध्यंतराशिवाय उल्हासला चैन पडत नाही. मी स्वयंपाकघरात भेळ कालवत होते. संहिता आली, डोक्यावर काळ्या कागदाची कप्तानाची टोपी.

"आई, तू शेवट नाही सांगितलास."

"तूच तर दम दिला होतास."

"दम मी दर वेळी देते. तू कधी ऐकलंयस?" तिने दार लोटून घेतलं. "काय झालंय?"

थापा मला नीट मारता येत नाहीत. "गाठ आहे गं. चांगली नाहीये. मंगळवारी काढणार आहेत."

"पण तू बरी होणार ना?"

जन्मभर कुणी न विचारलेले शेवट मी सांगत आले, आणि आता माझी पोर विचारत होती तर माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. मला फार भीती वाटली.

"माहीत नाही, बाळा."

ती रडली नाही. भेळेच्या वाट्यांचा ट्रे तिने उचलला. "सगळे थांबलेत," एवढंच म्हणाली आणि बाहेर गेली. ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

मध्यंतरानंतर ती मित्रमैत्रिणींत बसली नाही. माझ्या खुर्चीपाशी खाली बसली आणि माझा हात हातात घेतला. पडद्यावर वादळ सुरू झालं. कप्तान बाईने बोटीचा दोर सोडला, तशी मुलं भेळ खायची थांबली. संहिता गुडघ्यांवर उठली आणि तिने माझ्या कानाशी तोंड आणलं.

"आई, ती परत येते."

तिने सिनेमा बघितलेला होता. आणि शेवट वाचल्याशिवाय मी बसत नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

"हो," मी म्हटलं, आणि तिची कलंडलेली टोपी सरळ केली.