मुहूर्ताची घंटा

नागपूरच्या गांधीबागेत प्रेमलता वैरागडे यांचं ब्लाऊजपिसांचं दुकान आहे. देशाचा शेअर बाजार चालवणारी मुंबईतली जी कंपनी, तिचे शेअर बाईंकडे होते. "बाजाराची मालकीण आहे मी," असं त्या गिऱ्हाइकांना ऐकवायच्या. शेअर दहाच आहेत, हे तेवढं सांगायचं राहून जायचं.

यंदा कंपनीची वार्षिक सभा ऑनलाइन होती आणि बाईंनी बोलण्यासाठी चक्क नाव नोंदवलं. सून मिनलनं गल्ल्यावर लॅपटॉप मांडला. बाई ठेवणीतलं लुगडं नेसून समोर बसल्या.

"तू काय इचारशील वं त्यायले?" नवरा, मनोहरराव, हसत होते.

"पाहाच तुमी!"

नंबर आला. बाईंनी पदर सावरला. "नमस्कार साहेब. दिवाळीले मुहूर्ताचा बाजार उघडते, तवा घंटा कोन वाजवते? कधी शेठ, कधी नट. मालक तर आमी भागधारक! मंग आमाले काहून नाही बोलवत?"

 पडद्यावरचे अध्यक्ष मराठीच होते; ते खो खो हसत सुटले. "बरोबर आहे बाई. या दिवाळीला तुम्हीच या!"

मिनलनं अशी उडी मारली की कापडाचे गठ्ठे घसरून गिऱ्हाइकांच्या पायांशी आले. एका अनोळखी गिऱ्हाईक बाईनं प्रेमलताबाईंना मिठीच मारली. मनोहरराव विचारत राहिले, "खरंच बोलला का तो?" संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी होती की वैरागडेबाई कंपनीच्या अध्यक्ष झाल्या.

आठवड्यानं रीतसर पत्र आलं. दिवाळीला मुंबईला जायला नवराबायको पहिल्यांदा विमानात बसले. सभागृहात सुटाबुटातल्या माणसांमध्ये बाई उभ्या राहिल्या. उलटी मोजणी संपली की घंटा एकदाच वाजवायची, असं अधिकाऱ्यानं तीनतीनदा बजावलं होतं. दहा, नऊ, आठ... बाईंनी हात उचलला. तीनवरच घंटा वाजली!

"अवं माय!" बाईंनी जीभ चावली. "परत वाजवू का?"

सगळं सभागृह हसत होतं. बाजार तसाही संगणकावर आपल्या वेळेलाच उघडणार होता. "वाजवा, वाजवा!" अध्यक्ष ओरडले.

शून्य झालं आणि बाईंनी दोन्ही हातांनी घंटा जी बडवायला घेतली, ती मनोहररावांनी खांदा धरेपर्यंत. "अवं, बस झालं! कान फुटून राहिले लोकायचे!"

"फुटू द्या," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा एक टोला दिला.