मोरीमागचा खड्डा

मी वायरमन आहे, भगत नाही. हे मी पनवेलच्या भर बाजारात ओरडून सांगायला तयार आहे. पण ऐकतो कोण?

माझी धाकटी बहीण मालू उरणच्या वाटेवर, मिठागराच्या काठच्या एका गावात दिली आहे. बासष्ट साली त्या गावात वीज यायचं ठरलं, तेव्हा तिच्या घरचं फिटिंग मीच अंगावर घेतलं. भिंती मातीच्या. खणून पाइप आत घालायला गेलो असतो तर भिंतच अंगावर आली असती. म्हणून लोखंडी पाइप भिंतीवरूनच नेला, हातहात अंतरावर पट्ट्या ठोकल्या आणि आतून वायर ओढली.

लोखंडी पाइप म्हटला की अर्थिंग हवंच. आत कुठे वायर सोलली आणि करंट पाइपात उतरला, तर त्याला जमिनीत जायला वाट पाहिजे. नाहीतर तो हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. त्यासाठी खोल खड्डा खणून त्यात तांब्याचा पत्रा उभा करतात, भोवती मीठ-कोळसा भरतात आणि पाइपाची तार पत्र्याला जोडतात. जागा कायम ओली लागते, म्हणून मी मोरीमागची धरली. घरात तेव्हा चिटपाखरू नव्हतं. वैशाख म्हणजे मीठ काढायचा हंगाम, सगळे मिठागरावर. सहा महिन्यांची पोटुशी मालूसुद्धा त्यांची भाकर घेऊन गेलेली. मी खड्डा भरला, माती सारखी केली आणि कुणाला काही बोललो नाही. सांगण्यासारखं त्यात आहे काय, असं वाटलं.

आणखी एक सांगायचं राहिलं. शेवटच्या वळणावर वायर अडकली होती. मी रागारागात हिसका दिला. वरचं रबर खरवडलं गेलं, हे हाताला कळलं. सगळी वायर परत काढायचा मला कंटाळा आला. म्हटलं, अर्थिंग आहे ना! कोरड्या दिवसांत तपासणी झाली, पासही झालं.

श्रावणात एका सकाळी मालूची सासू गुणाबाई दुकानात आली आणि पायरीवरच बसली. डोळे सुजलेले.

"तुळशीराम, पोर गेला रं. मेलेलाच जन्मला. चार दिस झालं."

आमची आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच होतं. मला कुणी कळवलंही नव्हतं.

"मालू कशी आहे, मावशी?"

"हाय. पन ऐक तं खरं. पोराची वार न् नाळ पुरायला सुईनीनं मोरीमागं खनलं, तं आतमंदी कोलसं, मीठ न् तांब्याचा पत्रा! तारंनी बांधलेला! करनी केली रं कुनीतरी. आमी तार तोडली न् सगला खाडीत बुडवला. आता भगताकडं चाललेय, त्यो नाव काढून देतो."

मी हातातलं काम टाकून उठलो. "आणि लाइट?"

"आज दुपारी देनार हायेत."

मी सायकल काढली. तिला मागे बसवून घेतलं नाही, काही सांगितलंही नाही. पावसानं रस्त्याचा नुसता राडा झालेला. दोनदा पडलो, गुडघा फुटला. डोक्यात एकच चाललेलं: पावसाळ्यात पाइपाला आतून घाम येतो, वायर खरवडलेली, आणि अर्थिंग खाडीत. देवा, मालूला पाइपापासून लांब ठेव, एवढं कर. मी मोठ्यानं रडत सायकल हाणत होतो आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

गावात शिरलो तर शेजारच्या घरात भर दुपारी दिवा लागलेला, पोरं नाचत होती. लाइटवाले मालूच्या घरीही जोडणी करून गेले होते. तिचा नवरा महादेव मेन स्विचपाशी उभा होता. आणि मालू त्याच पाइपाच्या दोन भिंतींमधल्या मोकळ्या तुकड्यावर ओलं लुगडं वाळत घालत होती. पावसाळ्यात घरात दुसरी दोरी नव्हती.

"दाजी, हात लावू नका! मालू, सोड तो पाइप!"

महादेव वळला. "काय झालं?"

"फिटिंग खराब झालंय."

"पास झालेलं खराब कसं होईल? सगल्या गावात दिवं लागलं, न् आमच्याच घरात कालोख? चार दिस कालोखच बघतोय आमी!" त्यानं पुन्हा स्विचकडे हात नेला.

"अहो, अर्थिंग तोडलंत तुम्ही! ते मीठ-कोळसा मीच पुरलं होतं!"

महादेवनं हात मागे घेतला. मी मालूला हाताला धरून लांब नेलं. दाखवल्याशिवाय पटायचं नाही, म्हणून दिव्याला दोन वायरी लावल्या, एक पाइपाला, दुसरी मोरीच्या ओल्या मातीत खुपसलेल्या खिळ्याला, आणि स्विच टाकला. दिवा मिणमिणला.

"बघा! पाइपात करंट आहे. मालूचा हात असता तर..."

"पाइप कुनी लावला?" महादेवनं विचारलं.

"मी."

"वायर?"

"मीच."

"न् ते पुरलंस ते पन तूच."

मी स्विच बंद केला, फ्यूज काढून खिशात टाकला. मालू भिंतीला टेकून खाली बसली होती. तिच्यासमोर बसलो आणि भडाभडा सांगत सुटलो. पत्रा कशाला, कोळसा कशाला, मीठ ओल कसं धरून ठेवतं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. चार दिवसांत माझी बहीण म्हातारी झाली होती.

"दादा," ती म्हणाली, "बाळाची वार मोरीमागं पुरतात, हे तुला ठावं नव्हतं?"

ठाऊक होतं. ती जन्मली तेव्हा आमच्या मोरीमागचा खड्डा मीच खणला होता.